बाज उचलणारे चौघे

(शास्त्रपाठ : मार्क २:१-१२)

व्यसनी मनुष्याला पापी म्हणावे की रोगी, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वरचेवर निघतो. उपासना आटोपल्यावर व्हरांड्यात निघतो, कमिटीच्या बैठकीत निघतो आणि एखाद्या घरचे भांडण मिटवायला गेलेले वडीलही परतीच्या वाटेवर त्याच प्रश्नावर बोलत येतात. एक पक्ष म्हणतो, दारू कोणी त्याच्या तोंडात ओतली नाही; पेला त्याने स्वतःच्या हाताने उचलला. हे पाप आहे, आणि पापाला औषध एकच, पश्चात्ताप. दुसरा पक्ष म्हणतो, हा आजार आहे. डॉक्टरकडे न्यावे, येथे पाळकाचे काम नाही. वाद रंगतो, आणि ज्याच्याविषयी वाद चालला आहे तो मनुष्य तोवर गुत्त्यातून निघून नाल्याच्या पुलावर आडवा झालेला असतो.

मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूम येथील पक्षाघाती मनुष्याची हकिकत आहे. ती आपण शब्बाथशाळेपासून ऐकत आलो आहो. तिच्यातील तीन गोष्टी या प्रश्नाच्या संदर्भात ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, प्रभूने त्या एकाच मनुष्याला पापांची क्षमाही दिली आणि त्याला पायांवर उभेही केले. पापांची क्षमा देवावाचून कोण करू शकतो, हा वाद तेथे बसलेल्या शास्त्र्यांच्या मनात होता. प्रभूने दोहोंचा भार एकदमच उचलला. दुसरी अशी की, तो मनुष्य आपल्या पायांनी आला नाही, चौघांनी त्याला आणले, आणि प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असे मार्क सांगतो. तिसरी गोष्ट आपल्याला जरा झोंबणारी आहे. त्या रोग्याची वाट अडवली ती वैऱ्यांनी नव्हे. दारात दाटी केली होती ती वचन ऐकायला जमलेल्या माणसांनी.

हे मनात ठेवून आपल्या एखाद्या खेड्याकडे पाहू. समजा, खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला एक वस्ती आहे आणि तेथे आपली दहा-बारा घरे आहेत. कर्नाटकात २००७ साली अरॅक बंद झाली, परंतु कागदी पाकिटातली दारू किराणा दुकानाच्या मागच्या दाराने मिळते, हातभट्टी मिळते आणि घाट उतरले की गोव्याची स्वस्त बाटली मिळते. दारू घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. उपचार किती अंतरावर आहे? मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर बेळगाव. तेथून पुढे धारवाडची मानसिक आरोग्य संस्था सुमारे पाऊणशे किलोमीटर. पुण्याचे मुक्तांगण तर साडेतीनशे. रोजगारावर जगणाऱ्या घराला एका दिवसाचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ घालता येत नाही. गाभण म्हैस कोणाच्या भरवशावर ठेवावी, हाही तेथे उपचाराचाच प्रश्न असतो.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दारूच्या दुष्परिणामांमुळे मदतीची गरज असलेले लोक तिच्यानुसार देशात पाच कोटींहून अधिक आहेत. जे दारूच्या पुरते आधीन झाले आहेत, अशा ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, शहरे धरून. तेव्हा "सोडायचीच असती तर सोडली असती" असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा ज्याला कधी दारच दाखवले नाही त्याला आत का आला नाहीस असे विचारीत असतो.

पश्चात्तापाचा उपदेश तर आपण करतोच, मग आणखी काय करावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर देण्यापूर्वी शरीराविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती ठाऊक नसल्याने आपला सद्हेतूही घातक ठरू शकतो. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू हा मंदपणा भरून काढण्यासाठी आपला वेग वाढवून ठेवतो. अशा मनुष्याची दारू एकाएकी बंद झाली की तो वेग मोकाट सुटतो. काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखे वाटतात, ताप चढतो, नाडी धावते. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास मनुष्य दगावू शकतो. रुग्णालयात मात्र हे बहुधा टाळता येते. मेंदूला शांत करणाऱ्या गोळ्या मोजून देतात आणि काही दिवसांत त्या उतरवीत आणून बंद करतात. सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात, कारण त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता आपल्या वस्तीतला प्रकार पाहा. रविवारी त्या मनुष्याला पुढे बोलावतात, सर्वांच्या देखत शपथ घ्यायला लावतात, गीत होते, डोळे पाणावतात. सोमवारी त्याचे हात कापतात. मंगळवारी फिट येते. बुधवारी तो भिंतीवरचे किडे झटकू लागतो आणि घरचे म्हणतात, याच्यात दुष्टात्मा शिरला. मग प्रार्थनेला माणसे जमतात आणि गाडी बोलवायची राहून जाते. नाहीतर तो स्वतःच एक पाकीट आणून पितो, कंप थांबतो, आणि मंडळी म्हणते, पाहा, तीन दिवसही शपथ टिकली नाही. प्रार्थना करू नये असे मी म्हणत नाही. गाडीत बसूनही प्रार्थना करता येते, एवढेच सांगायचे आहे. जो रोज पितो, सकाळी पिल्याशिवाय ज्याचे हात स्थिरावत नाहीत, अशाकडून शपथ घेण्याआधी त्याला डॉक्टरला दाखवावे. हे विश्वासाची उणीव असल्याचे लक्षण नाही. शेजाऱ्याच्या जिवाची काळजी आहे.

दुसरा एक प्रकार खेड्यांत फार चालतो. वर्तमानपत्रात किंवा बसस्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते, 'रोग्याला न कळता दारू सोडवा', आणि गांजलेली पत्नी ती पूड आणून भाजीत कालवते. पुड्यांत काय असते हे पुष्कळदा कोणालाच कळत नाही. काहींचा भरवसा डायसल्फिराम या गोळीवर असतो. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो आणि क्वचित प्राणावरही बेतते. म्हणूनच डॉक्टर ती रोग्याला सर्व समजावून, त्याच्या संमतीने देतात. त्या बाईला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. उघड वाट दिसली नाही म्हणून ती चोरवाटेने गेली. परंतु असत्याने आणलेले बरेपण टिकत नाही. जेवणाच्या ताटावरचाही विश्वास उडाला, तर त्या घरात उरते काय?

उघड वाट आहे, आणि ती वाटते तितकी अवघड नाही. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक आरोग्यासाठी २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. जवळचे केंद्र कोणते, हे तेथे विचारता येते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आपल्या तालुका रुग्णालयात कोणत्या वारी येतात, याची चौकशी पाळकसाहेबांनी एकदा करून ती सूचना मंदिराच्या फळ्यावर लिहिली तर केवढे काम होईल! प्रत्येकाला महिनाभर दाखल व्हावे लागते असेही नाही. पुष्कळांचा उपचार घरी राहून, ठरल्या दिवशी तपासणीला जाऊन होतो. मात्र केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवावेत. तेथे डॉक्टर आहे काय, नोंदणी आहे काय, घरच्यांना भेटू देतात काय, हे विचारावे. मारहाण आणि कोंडून ठेवणे म्हणजे उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाने जडलेल्या मानसिक विकारांचाही समावेश आहे, आणि रोग्याला साखळीने बांधण्यास त्या कायद्याने मनाई केली आहे.

येथे एक प्रामाणिक अडचण काही बांधवांना वाटते. कर्नाटकात धर्मस्थळाच्या ग्रामविकास योजनेशी जोडलेली जनजागृती वेदिके गावोगावी मद्यवर्जन शिबिरे भरवते. गावातल्याच सभागृहात साधारण आठवडाभर माणसे राहतात. संस्था हिंदू देवस्थानाची. मग आपला मनुष्य तेथे पाठवावा काय? शिबिरात डॉक्टरची देखरेख आहे ना, हे आधी पाहावे. ते तर कोठेही पाहावे. परंतु केवळ संस्था आपली नाही म्हणून त्याला पुलावर पडू द्यावे, हे मला शास्त्रात कोठे सापडत नाही. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या मनुष्याने शोमरोन्याचे तेल नाकारले असते तर त्या दाखल्याचा शेवट काय झाला असता? आपल्याला असे शिबिर भरवता आलेले नाही, याची खंत वाटावी. दुसऱ्यांनी भरवले याचा राग नव्हे.

तसे पाहिले तर या कार्याशी आपले नाते जुने आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात तेथील स्त्रियांच्या मद्यपाननिषेधाच्या चळवळीची माहिती मराठी वाचकांना आवर्जून दिली. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांना धरून उभे राहिले. त्यांतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना निघाली. ते दोघे ऑक्सफर्ड ग्रूप नावाच्या ख्रिस्ती चळवळीच्या सहवासातले होते. आपले दोष एकमेकांजवळ कबूल करावे हा याकोबाच्या पत्रातला बोध त्यांनी आचरणात आणला, इतकेच. तिच्या सभांना फी नाही. दारू सोडण्याची इच्छा हीच सभासदत्वाची अट. अशा सभेला आठवड्यातून एक संध्याकाळ मंदिराची खोली उघडून द्यायला आपल्याला किती खर्च येईल?

आता दोन शंका. व्यसनाला आजार म्हटले की मनुष्य जबाबदारीतून सुटतो, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. मधुमेह झाला हा अपराध नव्हे. परंतु औषध घेणे, पथ्य पाळणे ही जबाबदारी रोग्याचीच. प्रभूनेही त्या मनुष्याला बरे केल्यावर उचलून घरी पोचवले नाही. बाज उचलून चालत जायला त्यालाच सांगितले. फरक एवढाच की चालण्याची आज्ञा बरे केल्यानंतरची आहे. आपण ती आधीच देतो आणि तो चालला नाही म्हणून रागावतो.

दुसरी शंका त्याच्या पत्नीविषयी. क्षमा, सहनशीलता यांचा उपदेश सगळा तिच्याच वाट्याला येतो. मार खाणाऱ्या स्त्रीला "बाई, प्रार्थना कर आणि सोस" असे सांगणे ही सुवार्ता नव्हे. ती आणि तिची मुले सुरक्षित राहतील अशी सोय करणे हाही त्या मनुष्याच्या उपचाराचाच भाग आहे. आपल्या कृत्यांचे फळ त्याच्या डोळ्यांसमोर यावे, हे त्याच्याही हिताचे आहे.

आणि तो परत घसरला तर? पुष्कळ जण घसरतात. याचा अर्थ उपचार फुकट गेला असा नाही. पुन्हा न्यावे लागेल एवढाच आहे. सत्तर वेळा सात हा हिशोब पेत्राला शिकवताना प्रभूला माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

शेवटी व्यवहाराचे बोलतो. प्रत्येक मंडळीने चार माणसे निवडावी. एकाने रोग्याबरोबर दवाखान्यात जावे, डॉक्टर कानडीत बोलले तर मराठीत समजावून सांगावे आणि कागद जपून ठेवावे. दुसऱ्याने त्याच्या मागे घर, शेत, जनावर पाहावे. तिसरी व्यक्ती महिला मंडळातली असावी. तिने त्याच्या पत्नीजवळ बसावे आणि तिचे ऐकून घ्यावे. चौथ्याने तो परत आल्यावरची संध्याकाळ सांभाळावी, कारण गुत्त्याकडे पाय वळतात ते संध्याकाळीच. चौघांपैकी कोणी विद्वान असण्याची गरज नाही. कफर्णहूमच्या चौघांची नावेही मार्काने लिहून ठेवलेली नाहीत.

राहिलो आपण बाकीचे, दारात दाटी करून वचन ऐकणारे. आपण निदान वाट तरी सोडू या. त्याच्या वासाने नाक मुरडू नये, त्याच्या मुलांना 'दारुड्याची पोरे' म्हणू नये, लग्नकार्यात मांडवामागे चालणारा पेला बंद करावा. त्या दिवशी घराचे छप्पर उघडावे लागले. घरधन्याने नुकसानीबद्दल तक्रार केल्याचे मार्काने लिहिलेले नाही. आपल्या मंदिराची चार कौले निघाली तरी चालतील. मनुष्य आत आला पाहिजे.