इंटरप्ट लावला म्हणजे झालं?

भिलाईजवळच्या जामुलमधल्या एका शिकवणी वर्गाची घंटा आपोआप वाजावी म्हणून शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने आर्डुइनो उनोवर यंत्र केलं. म्हणाला, "डीले वापरलाच नाही, काका. टायमरचा इंटरप्ट लावलाय. आता सेकंदही चुकणार नाही." ती खात्री मला डाचली.

डीले म्हणजे कोड थांबवून वाट पाहणं, इंटरप्ट म्हणजे टायमरने ठरल्या वेळी कोडला हाक मारणं; डीले का नको, हे नव्याने सांगायला नको. मुलाचं गणितही चोख होतं: १६ मेगाहर्ट्झला १०२४ ने भागलं की सेकंदाला १५,६२५ ठोके; मोजणी शून्यापासून, म्हणून रजिस्टरात १५,६२४. पण बारीक मोजणं वेगळं आणि खरं मोजणं वेगळं. सोनाराचा काटा कितीही नाजूक असो, वजनंच खोटी असली तर काय उपयोग? उनोवर चकचकीत क्वार्ट्झ दिसतो तो यूएसबीच्या चिपसाठी. मुख्य चिप चालते सिरॅमिक रेझोनेटरवर. त्यात अर्धा टक्का फरक चालवून घेतात. म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद, सात मिनिटांच्या वर!

"मग ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल लावतो," तो म्हणाला. लाव बाबा, पण आपल्याकडचा मे महिना? हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वांत जलद चालतो. पारा चढो वा उतरो, तो मागेच पडतो. पत्र्याखालच्या डबीत ४५ अंश झाले, तर दिवसाला सव्वा सेकंद गेलाच.

तशी खरी वेळ तरी कुठली? प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, भिलाई त्याच्या पश्चिमेला. आपली स्थानिक वेळ घड्याळाच्या चारेक मिनिटं मागेच. मुंबईने तर ३९ मिनिटं मागची स्वतःची वेळ १९५५ पर्यंत जपली. मुलांना मात्र मोबाइलच्या वेळेवर सुट्टी हवी.

एवढं त्याला सुनावायचं ठरवलं होतं, पण विचार करता करता मी त्याच्याच बाजूला सरकलो. डीलेतली चूक कोडच्या ओळीगणिक बदलते. आज एक सेन्सर जोडला की कालचा हिशेब फुकट. टायमर मात्र मोजणी रजिस्टरातल्या आकड्याशी जुळताच स्वतःच शून्यावर येतो. इंटरप्टचं काम काही मायक्रोसेकंद उशिरा सुरू झालं, तरी तो उशीर पुढे साठत नाही. साठते ती फक्त क्रिस्टलची चूक, आणि ती मोजून वजा करता येते. इंटरप्ट चूक घालवत नाही, पण ती कुठे आहे ते नेमकं दाखवतो. हे काही थोडं नाही.

तेव्हा घंटा करणाऱ्यांनो, इंटरप्टमध्ये फक्त सेकंद वाढवा, घंटा मुख्य लूपला वाजवू द्या. आठवडाभर वेळ मोबाइलशी ताडा, पडेल तो फरक कोडमध्ये दुरुस्त करा, आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा ताडा.