पोळ्या लाटणं हा व्यायाम नव्हे

आमवात झालेल्या बाईला घरात सल्ले दोनच मिळतात आणि दोन्ही प्रेमापोटी. एक, "तू आता बसून राहा, कशाला हात लावू नकोस." दुसरा, "हात चालता ठेव गं, घरकामासारखा व्यायाम नाही." मला दोन्ही भरपूर मिळाले. नणंद आली की हातातलं पातेलं काढून घ्यायची आणि म्हणायची, "वहिनी, तुम्ही बसा हो, मी बघते." ती गेली की शेजारच्या काकू पोळ्यांच्या डब्यात डोकावून विचारायच्या, "अगं, एवढ्या पोळ्या लाटतेस रोज, आणखी वेगळा व्यायाम कशाला हवा?" या आजाराबरोबर बरीच वर्षं काढल्यावर माझं मत असं झालं आहे की दोन्ही सल्ले नुकसान करतात, आणि त्यातल्या त्यात दुसरा जास्त, कारण तो पटकन पटतो.

आपल्याकडे सांधा दुखला की सरसकट संधिवात म्हणून मोकळे होतात. साठीनंतर गुडघे झिजून होतो तो निराळा. त्यात दिवसभर उभं राहून, चालून संध्याकाळी ठणकतं आणि बसलं की बरं वाटतं. माझा आमवात, रिपोर्टवर लिहितात तो रूमेटॉइड आर्थरायटिस. यात शरीराची संरक्षणयंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि औषध मिळालं नाही तर कूर्चा नि हाड कुरतडू लागतं. सुरुवात बहुधा मनगटं, बोटांची मुळं आणि मधली पेरं यांच्यापासून, तीही दोन्ही हातांना जोडीनं. बोटांच्या टोकाचे सांधे सहसा सुटतात. पुरुषांपेक्षा बायकांत तो दोन-तीन पट जास्त. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं 1996 साली घरोघरी जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली, तेव्हा आमवाताचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोनशे माणसांमागे एक म्हणजे प्रत्येक मोठ्या सोसायटीत एखादी तरी बाई सकाळी नळाची तोटी फिरवताना दात आवळत असणार.

आणि सकाळच या आजाराची. रात्रभर पडून राहिल्यावर तो सगळ्यात जोरात असतो. पहाटे दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात चढलेली असतात, त्यात सांधे तासन्‌तास एकाच स्थितीत. उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त, मूठ मिटत नाही. दुपारी खुर्चीत डुलकी लागली तरी उठताना गुडघे पुन्हा धरलेले असतात. हालायला लागलं की हळूहळू सुटतं. झिजेच्या दुखण्याशी याचा हिशेब असा उलटा आहे, म्हणून "बसून राहा" हा सल्ला इथे उपयोगाचा नाही.

अर्थात तो सल्ला नणंदेनं शोधून काढलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतले डॉक्टरसुद्धा अशा रुग्णांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवत, सांध्यांना पट्ट्या बांधून. सूज थोडी उतरायची, पण स्नायू वाळायचे आणि सांधा आहे त्या स्थितीत अडकायचा. व्यायामाची भीती डॉक्टरांच्या मनातून जायलाही वेळ लागला. हॉलंडमध्ये तीनशेच्या आसपास रुग्णांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा सायकल, ताकदीचे व्यायाम आणि खेळ, असा बऱ्यापैकी घाम काढणारा कार्यक्रम दिला. 2003 साली निष्कर्ष आले: त्यांची रोजची कामं करण्याची क्षमता सुधारली आणि आजार भडकला नाही. फक्त ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच बिघडले होते त्यांनी जपून, असा इशारा त्यात होता. ब्रिटनमध्ये 490 रुग्णांना हातांचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम शिकवून वर्षभरानं तपासलं, तेव्हा हातांचं काम सुधारलेलं दिसलं. ते 2015 साली छापून आलं.

मग पोळ्या लाटण्यानं हात का सुधारत नाही?

एकदा ओलं फडकं पिळताना स्वतःच्या हाताकडे नीट बघा. बोटं पूर्ण मिटून घट्ट आवळलेली, मनगट एकीकडे मुरडलेलं आणि पिळा घट्ट होईल तशी बोटं मुळापासून करंगळीच्या बाजूला रेटली जातात. आमवातात बोटं वाकडी होतात ती नेमकी त्याच दिशेला. म्हणजे आजार ज्या बाजूला ओढतो आहे, त्याच बाजूला आपण रोज घट्ट आवळून मदत करतो. बरणीचं झाकण फिरवणं, कणीक तिंबणं, भरलेलं पातेलं दोन बोटांच्या चिमटीत धरून उतरवणं, सगळ्यांत थोडाफार हाच प्रकार. शिवाय घरकामात तेच ते सांधे त्याच त्या कोनात पुन्हापुन्हा राबतात. खांदा पूर्ण वर जात नाही, मांडीचे स्नायू दमत नाहीत, दम लागेल एवढं चालणं होत नाही. आणि सगळ्यात मोठा फरक थांबण्याचा. व्यायाम मी सांधा म्हणेल तिथे थांबवू शकते. पोळ्या मात्र घरातल्या सगळ्यांच्या होईपर्यंत थांबत नाहीत.

याच्या शेजारी फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलेला एक व्यायाम ठेवून बघा. टेबलावर पंजा पालथा, बोटं सरळ. तर्जनी जरा उचलायची आणि अंगठ्याच्या दिशेनं थोडी सरकवून ठेवायची. मग मधलं बोट, मग अनामिका, शेवटी करंगळी. एकेक बोट अंगठ्याकडे चालत जातं. पंजा उचलून पुन्हा सरळ ठेवायचा आणि परत सुरुवात. बघणाऱ्याला हे काहीच वाटत नाही. माझ्या नातवाला तर हा खेळ वाटतो आणि तो शेजारी आपला पंजा मांडून बसतो. पण सुजलेल्या हातानं अनामिका इतरांपासून सुटी उचलून बघा, कपाळाला घाम येतो. फडकं पिळताना बोटं जिकडे जातात त्याच्या बरोबर उलट ही वाट आहे. हातांचे हे व्यायाम मी गरम पाण्यानं शेकून झाल्यावर करते, उठल्या उठल्या नाही.

बाकीचं साधं आहे. हात छातीशी दुमडून खुर्चीतून उठायचं-बसायचं, कारण हातानं रेटा देऊन उठलं की भार मनगटावर येतो आणि मांड्या फुकट बसतात. रबरी पट्टा मुठीत न धरता मनगटाभोवती अडकवून ओढायचा. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी गती. पावसाळ्यात मी इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारते. पायांवर भार घेऊन चालणं आम्हाला आणखी एका कारणानं लागतं: आजारानं हाडं विरळ होतात आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आणखी. किती करायचं याचं माप बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "काकू, करताना दुखलं का ते मला सांगू नका. संपल्यावर दोन तासांनी आधीपेक्षा जास्त दुखतंय का, ते सांगा." जास्त दुखत असेल तर पुढच्या वेळी कमी, बंद नाही. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी ताकदीचे व्यायाम नाहीत; तो सांधा फक्त हलक्या हातानं जेवढा फिरतो तेवढा फिरवायचा आणि उरलेला वेळ खुशाल पडून राहायचं. अशा दिवसांची विश्रांती हा उपचारच असतो.

फ्रेंच चित्रकार ऑगस्त रेन्वार हा आमच्या जमातीतला सगळ्यात प्रसिद्ध माणूस. त्याचा आजार 1892च्या सुमारास, पन्नाशीत सुरू झाला. तेव्हा यावर खरं म्हणावं असं औषधच नव्हतं. हात मोकळे राहावेत म्हणून तो सकाळी काम सुरू करण्यापूर्वी छोटे चेंडू उडवून झेलण्याचा सराव करायचा. ऊब मिळावी म्हणून 1907 मध्ये दक्षिणेकडे कान्य-सूर-मेर इथे राहायला गेला. पुढे चाकाच्या खुर्चीत बसला, बोटं तळव्यात वळली, तरी 1919 मध्ये वारला तोवर रंगवत राहिला. कुंचला हाताला बांधून रंगवायचा, अशी दंतकथा सांगतात. प्रत्यक्षात कापडाच्या पट्ट्या तळव्याची कातडी सोलू नये म्हणून होत्या आणि कुंचला कुणीतरी बोटांत अडकवून द्यायचं. मला त्याची जिद्द वगैरे सांगायची नाही, आजारी माणसाला जिद्दीच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. मला त्यातली सोय आवडते. मोठ्या चित्रापुढे हात पोचेना, तर कॅनव्हास रुळांवर गुंडाळून फिरवायची सोय करून घेतली; हवा तो भाग हातासमोर आणायचा. चेंडू झेलणं हा व्यायाम आणि रंगवणं हे काम, या दोन गोष्टी त्यानं वेगळ्या ठेवल्या होत्या.

घरात अशी सोय करायला फार पैसे लागत नाहीत. गोल मुठीच्या जागी दांडीची तोटी आणि दारालाही दांडीचं हँडल, कोपरानं उघडतं. कलथ्याच्या आणि सुरीच्या दांडीला कापड गुंडाळून जाड केलं की मूठ कमी आवळावी लागते. बरणी उघडायला रबराचा तुकडा. पिशवी बोटांत न लटकवता खांद्यावर, ताट दोन्ही तळव्यांवर, बादली अर्धी. ओट्यापाशी उंच स्टूल, संडासात कमोड आणि भिंतीला दांडी. लोक हजारो रुपयांचं चालण्याचं यंत्र आणतात आणि त्यावर टॉवेल वाळत घालतात. त्यापेक्षा प्लंबरला एकदा बोलावणं स्वस्त पडतं.

खरी अडचण वस्तूंची नसते, बोलण्याची असते. पोळ्यांना बाई लावली तेव्हा घरात कुणी काही म्हणालं नाही. पण त्याच संध्याकाळी मी फेऱ्या मारायला खाली उतरले, तेव्हा घरातल्याच एका जवळच्या माणसाच्या तोंडून निघालं, "पोळ्या होत नाहीत आणि फिरायला होतं!" बोलणं लागलं. मागे वळून भांडावंसं वाटलं आणि नंतर समजावूनही सांगितलं, की पोळ्या सोडल्या म्हणूनच फिरायला होतं. या आजारात दिवसाची ताकद मोजकी असते. दाहामुळेच थकवा येतो, त्याला आळस म्हणता येत नाही. सकाळची ताकद कणकेत गेली तर संध्याकाळी चालायला काही उरत नाही, आणि चालले नाही तर पुढच्या वर्षी पोळ्याही नाहीत आणि जिनाही नाही. तरीही आपल्याकडे बाईनं घरासाठी हलणं हे कष्ट आणि स्वतःसाठी हलणं हे लाड, ही समजूत घट्ट आहे. हात प्लास्टरमध्ये असता तर कुणी काही म्हणालं नसतं. म्हणून मी काय सोडायचं ते ठरवून सोडलं: पिळणं, तिंबणं, उचलणं. भाजी निवडणं, झाडांना पाणी, कपड्यांच्या घड्या ठेवल्या, कारण ती कामं बसून, थांबून करता येतात आणि मला आवडतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. हे सगळं औषधाच्या जोरावर चालतं, औषधाऐवजी नाही. आमच्यापैकी बहुतेक जणी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या पथकाचा ते बनवण्यात वाटा होता, तेही कर्करोगासाठी. गोळी आठवड्याची आहे, रोजची नाही. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डबीवर वार लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी कुणाकुणाला मळमळतं, थकवा असतो. त्या दिवशी व्यायामाचं वेळापत्रक हलकं ठेवावं.

आणि योगवर्गाला जाणाऱ्यांना एक विनंती. आमवात जुना असेल तर मानेच्या सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमधला बंध सैल झालेला असू शकतो, दुखत नसलं तरी. अशा मानेवर शीर्षासन, सर्वांगासन किंवा हलासनाचा भार आला, किंवा केशकर्तनालयात कुणी झटका देऊन मान मोडली, तर मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. वर्गात नाव घालण्यापूर्वी मानेचा एक्स-रे लागेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्यांना आजाराचं नाव पहिल्याच दिवशी सांगा.