कोंबड्यांच्या दाण्याची राखण

(वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति ४१ : ४६-४९, निर्गम १६ : १३-२१)



सांठवण करणें हें विश्वासाचें लक्षण आहे, कीं अविश्वासाचें? वरील दोन शास्त्रभाग शेजारीं ठेवून वाचिले म्हणजे हा प्रश्न मनांत उभा राहतो. योसेफानें मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत धान्य सांठविलें, आणि त्या योगें पुष्कळांचे प्राण वांचले. उलटपक्षीं, रानांत कित्येक इस्राएलांनीं मोशेचें न ऐकतां मान्ना सकाळपर्यंत ठेविला, तेव्हां त्यांत किडे पडून घाण सुटली. देणारा देव एकच. मग एक सांठा टिकला आणि दुसरा सडला, हें कां? योसेफानें इतरांच्या जीविताकरितां राखिलें. त्या लोकांनीं आज्ञा मोडून आपल्याकरितां दडविलें. हा भेद आपल्या अंगणांतील कोंबड्यांच्या दाण्यालाहि लागू आहे.

कोणी म्हणेल, उपदेशांत कोंबड्यांची गोष्ट कशाला? परंतु आपल्या प्रभूनें यरुशलेमेविषयीं शोक करितांना पिलांस पंखांखालीं घेणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःस लाविली. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत नीतिमान मनुष्याची खूण अशी सांगितली आहे कीं, तो आपल्या जनावराच्या जिवाची पर्वा करितो. शिवाय कित्येक विधवा भगिनींच्या घरीं मीठमिरची आणि मुलांच्या वह्या अंड्यांच्या पैशांवरच येतात. तेथें दाणा नासला म्हणजे चूलहि थंडावते.

आतां दाणा नासतो कसा, तें पाहूं. शत्रु तीन : ओल, कीड आणि उंदीर. मका, ज्वारी किंवा बाजरी यांत शेंकडा १२-१३ हून अधिक ओल राहिली तर बुरशीस वाव मिळतो. म्हणून मृग लागण्यापूर्वींच दाणा कडक उन्हांत वाळवावा. दांताखालीं धरला असतां तो कट्‌कन्‌ फुटावा. मात्र ऊन ऊन भरूं नये. गार होऊं द्यावा, नाहीं तर आंतल्या आंत वाफ धरून पुन्हां ओल येते. पोतीं जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीं. कणगीच्या भेगा शेणामातीनें लिंपाव्या. त्याहून घट्ट झांकणाचें पत्र्याचें पिंप बरें. करंगळी शिरेल एवढें भोक लहान उंदरास पुरतें. तो खातो थोडें; परंतु त्याच्या लेंड्यांनीं व मुतानें पुष्कळ खाद्य दूषित होऊन कोंबड्यांस आणि माणसांसहि रोग होतात. किडीसाठीं विषारी गोळ्या मात्र राहत्या घरांत कधींहि ठेवूं नयेत. त्यांच्या वायूनें निजलेलीं माणसें मृत्यु पावतात.

येथें मान्न्याचा धडा आठवावा. भरडलेलें खाद्य, कोंडा आणि पेंड हीं अखंड दाण्याहून लवकर बिघडतात. उष्ण दिवसांत सोंडकिड्यांची नवी पिढी सुमारें महिन्याभरांत तयार होते. म्हणून भरड महिन्यापुरतीच करावी, आणि जुनें संपविल्यावांचून नवें काढूं नये. स्वस्त मिळालें म्हणून सहा महिन्यांचें भरून ठेवणारा काटकसरी नव्हे. तो किड्यांचा यजमान होय.

तथापि खरी कसोटी पुढेंच आहे. पोतें उघडलें आणि पेंडीवर हिरवट बुरशी दिसली, तर आपण काय करितों? मन म्हणतें, झटकून चांगल्यांत मिसळ. कोंबडी कांहीं बोलत नाहीं. बंधूंनो, सन १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. रोगाचें कारण प्रथम कोणासहि उमगेना. शोधाअंतीं तें ब्राझील देशांतून आणलेल्या भुईमुगाच्या पेंडींत सांपडलें. तिच्यांत वाढलेल्या बुरशीनें विष निर्माण केलें होतें. त्या विषाला पुढें अफ्लाटॉक्सिन असें नांव मिळालें. तें यकृत नासवितें. बुरशी झटकली, दाणा धुतला किंवा शिजविला, तरी तें पुरतें जात नाहीं. अंड्यांतूनहि त्याचा अंश माणसाच्या पोटांत जाऊं शकतो.

तेव्हां असें खाद्य आपल्या कोंबड्यांस घालणें हा निर्दयपणा, आणि शेजाऱ्यास विकणें ही चोरी होय. तें जमिनींत खोल पुरून टाकावें. पांचशें रुपयांचें पोतें पुरतांना गरिबाचा हात कांपतो, हें देव जाणतो. म्हणूनच मंडळीचें कर्तव्य येथें सुरू होतें. ज्याच्या घरीं कोरडी जागा आहे त्यानें शेजारणीचें पोतें आपल्या माळ्यावर ठेवून घ्यावें. दोन-तीन घरांनीं मिळून एक पिंप घ्यावें. ज्या भगिनीला आपला दाणा पुरावा लागला तिला सर्वांनीं पायली-पायली द्यावी. योसेफाचीं कोठारें राजाच्या आज्ञेनें उभीं राहिलीं. आपलीं प्रीतीनें उभीं राहोत.

थोड्यांत विश्वासू असणें म्हणजे काय, हें शिकण्यास दूर जावें लागत नाहीं. या आठवड्यांत प्रत्येकानें आपल्या घरचें पोतें उघडून, हात आंत घालून पाहावें. मुका जीव तक्रार करीत नाहीं. परंतु ज्यानें तो आपल्या हातीं सोंपविला, तो धनी हिशेब घेणार आहे.