लुप्त कर्ता

सरकारी कागदात वारंवार येणारी ‘ठरविण्यात आले आहे’ ही शब्दयोजना ज्याने लक्षपूर्वक वाचली असेल, त्याच्या ध्यानी हे आल्यावाचून राहिले नसेल की तिच्यात क्रिया आहे, कर्म आहे, खाली तारीख आहे, क्वचित कारणेही दिलेली आहेत; नाही तो फक्त कर्ता. व्याकरणाच्या दृष्टीने या रचनेत दोष काही नाही. परंतु ज्या निर्णयाने कोट्यवधी माणसांच्या मिळकतीला हात लागतो, त्या निर्णयातून कर्ता नाहीसा होणे हा केवळ व्याकरणाचा विषय राहत नाही, तो धर्माचा विषय होतो. मोबाइल फोनच्या दरांत सरकारने हात घालावा काय, आणि ते दर पाहणारी नियामक संस्था सरकारपासून स्वतंत्र असावी काय, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राच्या दालनात मांडला जातो. मला तो कर्तृत्वाचा प्रश्न वाटतो.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना ‘स्वतंत्र’ हाच शब्द योजिला आहे. कुऱ्हाडीवाचून लाकूड फुटत नाही हे खरे. तरी घाव घातल्याचा जाब आपण कुऱ्हाडीला विचारीत नाही, कारण तिची गती दुसऱ्याच्या हाती असते. आणि कर्त्याच्या पाठीशी उभा राहून त्याला प्रवृत्त करणारा जो प्रयोजक, त्याचाही विचार पाणिनीने लगतच्याच सूत्रात करून ठेवला आहे. धर्मशास्त्राचा पापपुण्याचा हिशेब असो की न्यायालयाचा दिवाणी हिशेब असो, खाते उघडावयाचे ते कर्त्याच्या किंवा प्रयोजकाच्या नावे, साधनाच्या नावे नव्हे. फारसीतून आलेला आपला ‘जबाबदार’ हा शब्दही हेच सांगतो: ज्याने जबाब द्यावयाचा तो. जो स्वतंत्र नाही त्याच्यापाशी जबाब मागणे व्यर्थ आहे. म्हणून स्वातंत्र्य हा नियामकाला बहाल केलेला मान नसून त्याच्या खांद्यावर ठेवलेला भार आहे.

या दृष्टीने आपल्या देशाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. 31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी देशातील पहिले मोबाइल संभाषण केले, त्या काळी गर्दीच्या वेळी एका मिनिटास 16 रुपये 80 पैशांपर्यंत आकार पडे, आणि तो फोन करणाऱ्याबरोबर घेणाऱ्यालाही सोसावा लागे. धोरण आखणारे सरकार, परवाना देणारे सरकार, आणि आपल्या खात्यामार्फत व आपल्या कंपनीमार्फत टेलिफोनचा धंदा चालविणारेही सरकारच. अशा स्थितीत आपल्याच दाव्यात आपणच न्यायाधीश होण्याचा दोष टळावा म्हणून 1997 साली कायद्याने भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ‘ट्राय’, स्थापन झाले, आणि त्याच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश या पदावर असलेली वा राहिलेली व्यक्तीच असावी, अशी अट घातली गेली. परंतु फोन घेणाऱ्यावरील आकार दूर करून तो करणाऱ्यावर ठेवण्याचा नियम या प्राधिकरणाने 1999 साली केला, तेव्हा त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत खुद्द सरकारी कंपनी होती. जानेवारी 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, आणि त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून पहिले प्राधिकरण बरखास्त केले. तंटे सोडविण्याचे काम वेगळ्या न्यायाधिकरणाकडे गेले, अध्यक्षपदासाठी न्यायाधीशपणाची अट गेली. उरले ते कायद्याचे पंचविसावे कलम, ज्यान्वये सरकारने नियामकाला धोरणविषयक निर्देश द्यावेत, आणि एखादी बाब धोरणाची आहे की नाही हेही सरकारनेच अखेरचे ठरवावे. फोन घेणाऱ्याची आकारातून सुटका पुढे 2003 साली झाली, आणि आज ती इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यापायी एक संस्था मोडली गेली, याचे स्मरण फारसे कोणाला उरलेले नाही.

यावरून सरकारने दरांना स्पर्शच करू नये, असा अर्थ कोणी काढू नये. किमतींवर देखरेख हा आपल्या परंपरेत राजधर्माचाच भाग आहे. राजाने ठरावीक दिवसांनी मालाचे भाव उघडपणे निश्चित करावेत, असे मनुस्मृती सांगते. प्रजेस अपाय करणारा लाभ, तो मोठा असला तरी, राजाने टाळावा, असे कौटिल्य बजावतो. 1671 साली बारदेशचे स्वस्त मीठ येऊन स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडेल हे ओळखून शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास त्यावर जबर जकात घेण्याची आज्ञा केली. हा बाजारातील हस्तक्षेपच होय. पण त्या पत्रात आज्ञा कोणाची, कोणास आणि कशासाठी, हे तिन्ही उघड आहे. हस्तक्षेप अधर्म्य होतो तो तेव्हा, जेव्हा हात एकाचा आणि अस्तनी दुसऱ्याची असते.

उलट, स्वातंत्र्य म्हणजे मनमानी नव्हे, याचाही दाखला याच इतिहासात आहे. मध्येच तुटणाऱ्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला तीनपर्यंत, कंपन्यांनी ग्राहकास द्यावा, असा नियम ट्रायने 2015 साली केला. हेतू लोकहिताचा होता. तरीही 2016 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अवाजवी आणि पारदर्शकतेस सोडून असलेला म्हणून रद्द केला. कर्त्याला जाब विचारता आला आणि त्याचा जबाब अपुरा ठरला. यात नियामकाचा पराभव झाला असेल, परंतु कर्तृत्वाची मर्यादा सांभाळली गेली. कारण ज्याला चूक करण्याची मुखत्यारी आहे, त्याचीच चूक दाखविता येते.

मला चिंता वाटते ती आजच्या स्थितीची. 2024 च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी आपले दर लागोपाठ वाढविले. सरकार म्हणाले, दर बाजार ठरवितो. नियामकाचे धोरण दरांबाबत हात आवरता घेण्याचे. आणि बाजाराला तर मुखच नाही. त्याच तिघींपैकी व्होडाफोन आयडियाकडील सरकारी येणे भागभांडवलात रूपांतरित होऊन 2025 साली तिच्यातील सरकारचा हिस्सा सुमारे 49 टक्क्यांवर गेला; म्हणजे ज्या दरवाढीत आपले काही कर्तृत्व नाही असे सरकार म्हणते, तिच्या लाभाचे ते आता मोठे भागीदार आहे. गीतेने कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. मीच एकटा कर्ता, असे मानणाऱ्याला तिने दुर्मती म्हटले, हे विसरता येत नाही. बाजाराची गती, भांडवलाची ओढ, तंत्राचा खर्च यांचा वाटा कोणी नाकारू नये. परंतु पाचांतला एक म्हणून का होईना, कर्त्याला तिने स्थान दिलेच आहे. आपण मात्र बाजाराला दैवाच्या आसनावर बसवून कर्त्याचे आसन रिकामे ठेविले आहे.

रघुनाथरावाला नारायणरावाच्या वधाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगून चाकरी सोडून जाणाऱ्या रामशास्त्र्यांची आठवण अशा वेळी प्रत्येक मराठी माणसाला होते, आणि ती यथार्थ आहे. त्या निर्णयाला कर्ता होता. पण ज्या व्यवस्थेत प्रत्येक नियामकाला रामशास्त्री व्हावे लागते, ती व्यवस्था पुण्यवान माणसांच्या जिवावर जगणारी, स्वतः निर्बल अशीच म्हटली पाहिजे. कायद्याने नियामकाची नेमणूक व पदच्युती सरकारच्या एकट्याच्या हातून काढावी. सरकारला निर्देश द्यावयाचा असेल तर तो लेखी, सकारण आणि जाहीर असावा. आणि नियामकाने हात आवरता घेतला तरी, तो का घेतला, हे आपल्या सहीने सांगावे, कारण न करणे हीही त्याचीच कृती आहे. महिन्याच्या अखेरीस गावाकडच्या आईशी बोलता यावे म्हणून रिचार्जचे पैसे बाजूला काढणारा मजूर, ही वाढ कोणी केली, असे विचारतो. कमी दराची हमी त्याला कदाचित कोणीच देऊ शकणार नाही. परंतु त्याच्या प्रश्नातील ‘कोणी’ या पदाला उत्तर मिळणे, एवढा त्याचा हक्क मात्र निर्विवाद आहे.