राजाचे राजेपण

संरक्षित संस्थान म्हटले, की मला जोहोरचे सुलतान अबूबकर आठवतात. १८८५ च्या तहाने त्यांनी आपला परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या हवाली केला होता. पुढे लंडनात एका बाईने दावा लावला: 'आल्बर्ट बेकर' नावाने वावरून यांनी मला लग्नाचे वचन दिले नि मोडले! १८९३ साली न्यायालयापुढे वसाहत-खात्याचे पत्र आले, की हे स्वतंत्र सार्वभौम राजे होत. दावा तेथेच संपला. वचन खरे की खोटे, हे कोणी तपासलेच नाही. मला अधिक खटकते ते हे, की ज्यांनी अर्धे राजेपण काढून घेतले, त्यांच्याच पत्रावर उरलेले उभे! पत्र उलट आले असते तर? चौकशीमंडळात मते दुभंगली असताही बडोद्याचे मल्हारराव गायकवाड १८७५ साली इंग्रजांच्या एका जाहीरनाम्याने गादीवरून उतरलेच.