राजीनाम्याची घाई

"खरा चित्रकार असेल तर आधी राजीनामा देऊन दाखवू दे!" इंदापूर तालुक्यातल्या भवानीनगरच्या टपरीवर चहा घेताना कुणीतरी हे बोललं. साखर कारखान्यातली ड्यूटी करून रात्री चित्रं काढणाऱ्या एका पोराचा विषय चालला होता. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

चित्रकार गोगँनं चित्रांसाठी शेअरबाजार सोडल्याची कथा सगळ्यांना पाठ आहे. मागे राहिलेल्या त्याच्या बायकोनं, मेटनं, पाच मुलं कशी वाढवली, ते कुणी सांगत नाही.

पोट भरणारं काम वेगळं, नजर घडवणारं वेगळं, हे मी नेहमी म्हणतो. पण दोन्ही एका आयुष्यात नांदू शकतात. चित्रकार सुधीर पटवर्धन पुण्याच्या एएफएमसी या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७५ ते २००५ ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दिवसा एक्स-रे पाहायचे, उरल्या वेळात चित्रं. 'इराणी रेस्टॉरंट' हे १९७७ चं चित्र त्याच काळातलं. तेव्हा ते चित्रकार नव्हते, असं टपरीवाल्या गृहस्थांना म्हणायचंय का?

आपल्याकडे रंगावर घर चालवणारेही होते. उसाच्या ट्रॉलीच्या फळीवर मालकाचं नाव लिहिणारा पेंटर आधी खडूनं दोन रेघा आखायचा, मग एका दमात 'श्री'ची वेलांटी ओढायचा आणि कडेला बारीक सावली द्यायचा. काय हात असायचा! फ्लेक्स आला आणि त्यातल्या कितीजणांचं काम गेलं.

तर नोकरी सोडू नये, असं म्हणायला मी बसलो होतो. पण पटवर्धनांनीही २००५ साली प्रॅक्टिस थांबवलीच. शिवाय हंगामी कामगाराला गाळप संपल्यावर मोकळे महिने मिळतात. पगार आणि सवड एवढ्यावर भागत असतं तर इंदापूर तालुक्यात घरटी एक चित्रकार दिसला असता.

अडतं ते त्याच्याही आधी, चित्रं पाहण्यापाशी. मूळ चित्रासमोर उभं राहायचं तर इथल्या पोरानं जायचं कुठं? पुण्याला, नाहीतर सातारा जिल्ह्यातल्या औंधला. औंधसारख्या गावात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारलं. पुढे पटवर्धनांनीही २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवलं. छापील चित्रात रंगाचा थर कळत नाही, आकार कळत नाही, कुठं खरवडून पुन्हा रंगवलंय तेही कळत नाही. मूळ चित्र कधी न पाहिलेल्या पोराकडे राजीनामा मागणं अन्याय आहे, आणि 'नोकरी धरून ठेव' हा माझा सल्लाही तितकाच फुकाचा. बारामती-इंदापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले, कॉलेजं उभी राहिली. आता गाळप संपल्यावर एखाद्या मंगल कार्यालयात महिनाभर मूळ चित्रं लावा. त्या पोराला ती रोज पाहू द्या. नोकरीचं काय करायचं ते त्याचं तो ठरवेल.