शंकासमाधान : वरून सोडलेला प्रसाद

शंका : आमच्या गृहरचना संस्थेच्या गणपतीत यंदा तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा केनियाचा एक विद्यार्थी आरतीस आला, आणि कोणीतरी तबक पुढे केले म्हणून त्याने आरती ओवाळली. दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले की मूर्तीस दोष लागला आहे. शुद्धी करून पुन्हा प्राणप्रतिष्ठा करावी लागेल व त्याची दक्षिणा २,१०१ रुपये होईल. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या जर्मन मैत्रिणीने आरती ओवाळली होती, तेव्हा मात्र कोणी हरकत घेतली नाही. उलट तिचे छायाचित्र संस्थेच्या अहवालात छापले गेले. आणखी एक सांगते. त्या मुलाला प्रसाद देताना माझ्या हातून तो वरून सोडला गेला. हे मागाहून ध्यानात आले व तेव्हापासून मन खाते आहे. मूर्तीस खरोखर दोष लागतो काय? आणि माझ्या कृतीस प्रायश्चित्त काय? (एक भगिनी, पुणे)

समाधान : भगिनी, मूर्तीस कोणताही दोष लागलेला नाही. पार्थिव पूजेचा क्रम आपणांस ठाऊक आहे, म्हणून तो येथे उगाळीत नाही. परंतु ज्या देवतेचे आपण मातीत आवाहन करतो आणि उत्तरपूजेनंतर जिला जलात निरोप देतो, ती देवता भक्तिभावाने ओवाळलेल्या निरांजनाने विटाळते, असे मानणे म्हणजे त्या देवतेचे सामर्थ्य आपल्या सोसायटीच्या जिन्याएवढे ठेंगणे करणे होय. परदेशी असणे हाच दोष असता, तर तो गेल्या वर्षीच लागला असता. परधर्मी असणे हा दोष असता, तरीही तो गेल्या वर्षीच लागला असता. म्हणजे गुरुजींनी देश मोजला नाही, धर्मही मोजला नाही. त्यांनी मोजला तो कातडीचा रंग, आणि आपल्या पत्रातील जर्मन मैत्रिणीचे ते एक वाक्य या सगळ्या प्रकरणाचा पुरेसा दाखला आहे.

त्या दक्षिणेविषयी मात्र चार शब्द अधिक लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आरती चालू असता गुरुजींना दोष दिसला नाही; तो दिसला दुसऱ्या दिवशी, आणि दिसला तोच रकमेसकट. माणसाच्या मनात अपरिचित चेहऱ्याविषयी जी अढी असते, ती चारचौघांत उघड बोलून दाखविण्याची त्याला लाज वाटते, आणि ही लाज त्याच्या सुधारण्याची पहिली पायरी असते. पण कोणी पंचा पांघरून येतो, त्या अढीला विधीचे नाव देतो, तिचा दर ठरवितो, आणि मग जी गोष्ट काल लाजेची होती ती आज धर्मकृत्य होऊन बसते. पैसे देणारा सुटल्याच्या समाधानाने घरी जातो. ज्याच्यापायी शुद्धी झाली, त्या मुलाला मात्र आपण काय बिघडविले हे कोणी सांगतही नाही. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले झाले, तेव्हाही मूर्ती बाटेल अशी हाकाटी झालीच होती. त्यानंतर आजवर किती आषाढ्या झाल्या, किती कपाळे त्या चरणांवर टेकली! ज्या देवाला आपण प्रेमाने काळा म्हणतो, सावळा म्हणतो, त्याच्या मुलखात काळ्या माणसाच्या हातचे निरांजन बाटके ठरावे, याचे मला अतीव दुःख होते. ती दक्षिणा देऊ नये. गुरुजींनी आग्रहच धरला, तर कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या वचनावरून हा दोष सांगितला, ते लेखी मागावे.

आधार विचाराल तर मी एकच सांगतो, कारण मला तो पुरेसा वाटतो. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा संवाद आहे. भृगूंनी चार वर्णांचे चार रंग सांगताच भरद्वाज त्यांना अडवितात आणि विचारतात की रंगावरूनच वर्ण ठरावयाचा, तर सगळ्याच वर्णांत सरमिसळ दिसते, तिची वाट काय? काम, क्रोध, भय, लोभ, शोक, चिंता, भूक आणि श्रम हे सर्वांना सारखेच ग्रासतात; घाम, कफ, पित्त, रक्त सर्वांच्याच देहांतून स्रवते; मग भेद करावा तो कशाने? त्यावर भृगूंना मान्य करावे लागते की मुळात वर्णांमध्ये विशेष असा नाहीच. ऋषीने ऋषीला विचारलेला हा प्रश्न आपल्या गुरुजींना विचारावयास हरकत नसावी.

आणि आफ्रिकेचा मनुष्य या भूमीला नवखा आहे, हीही आपली विस्मृतीच. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी वसविली, जी पुढे औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आली. जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत दख्खनच्या मुलकी कारभारात दीर्घकाळ वाखाणली गेली. १६२४ साली भातवडीच्या रणांगणात शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. उत्तर कन्नडच्या रानांत आजही आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक नांदतात, घरी कोंकणी बोलतात, आणि त्यांच्यांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. त्यांतला एखादा हिंदू सिद्दी उद्या आपल्या मंडपात आरतीस उभा राहिला, तर गुरुजी त्याचे गोत्र विचारतील की रंग पाहतील?

आता आपल्या हाताविषयी. हाच आपल्या पत्राचा गाभा आहे, आणि तो लिहिण्यास धैर्य लागले असेल. माझ्या बालपणी आमच्या ओसरीखाली तहानेला मनुष्य ओंजळ करून वाकलेला असे आणि वरून तांब्याची धार सोडली जाई. आजीच्या मनात त्याच्याविषयी द्वेष नव्हता, दयाच होती, तरी तो हात खाली उतरत नसे. आपल्याही मनात द्वेष नव्हता. तो हात फार जुना आहे. तो आपल्यास वारशाने मिळाला, आणि नवा रंग दिसताच त्याने जुनी वहिवाट धरली. रंग दिसणे यात पाप नाही, डोळ्यांना तो दिसणारच. डोळ्यांनी पाहताक्षणी हाताला जो हुकूम सुटतो, तो परत घ्यावयाचा आहे. त्यास होम नको, दानही नको. प्रसादाचे पाच मोदक करून त्याच्या दारी जावे, त्याच्या तळहातावर आपल्या हाताने ठेवावेत, आणि त्याच्या आईची चौकशी करावी.

शंका : आमचे पुतणे म्हणतात की सरळ नाक व घारे डोळे ही शुद्ध आर्य वंशाची खूण असून आमच्या ज्ञातीत ती आढळते. यात तथ्य किती? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

समाधान : मुळीच नाही. १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख रिस्ली यांनी नाकाच्या रुंदीवरून जातींची उच्चनीचता लावण्याचा उद्योग केला, त्याचीच ही उष्टावळ आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात हीच नाकांची मापे घेऊन दाखविले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांत वंशभेद सिद्ध होत नाही. इरावती कर्वे तर बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजावयास गेल्या. युरोपीयांच्या कवटीची असम ठेवण त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची साक्ष देते, असा त्या गुरूचा कयास होता, आणि परदेशातून आलेल्या या विद्यार्थिनीने कवटीच्या असमतेचा वंशाशी संबंध आढळत नाही, असे आपल्या प्रबंधात नमूद केले. पुतण्यांना हे अवश्य सांगावे. विवाहाच्या जाहिरातींतून ‘गोरी’ हा शब्द त्यांच्या घरापुरता तरी काढून टाकता आला, तर तेही पाहावे. गोरेपणाचे मलम १९७५ पासून विकणाऱ्या कंपनीलासुद्धा २०२० साली नावातून ‘फेअर’ शब्द काढावा लागला.

शंका : मुलाच्या महाविद्यालयातील मणिपूरच्या मुलीला सारे ‘चिंकी’ म्हणतात. मुलगा म्हणतो, लाडाने म्हणतो. हे योग्य आहे काय? (एक पालक, नाशिक)

समाधान : नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांची चेष्टा झाली, चेष्टेतून मारहाण झाली आणि तो मुलगा दगावला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा वांशिक हिणवणुकीस स्वतंत्र अपराध मानावे अशी शिफारस केली. लाडाचे नाव ठेवण्याचा अधिकार लाड करणाऱ्याला मिळतो तो समोरच्याच्या संमतीने. आज जेवताना मुलाला त्या मुलीचे खरे नाव विचारा. सांगता आले नाही, तर उद्या विचारून यायला सांगा; आणि ते जिभेवर बसले नाही, तर तिच्याकडूनच दोनदा ऐकून घ्यायला सांगा.